पाटाची शंभरी

जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याला एक लहानसा कसबा होता आणि त्या कसब्याच्या मधोमध एक पाट वाहायचा. नदी होती डोंगराच्या पलीकडे. तिच्यावर दगडी बंधारा घालून पाणी अडवलं होतं. तिथून ते डोंगराला वळसा घालत, अर्ध्या कोसाची वाट चालून कसब्यात यायचं. आधी घाट लागायचा, तिथे बायका धुणी धुवायच्या. मग पाट बाजारपेठेतल्या दुकानांच्या पायऱ्यांना घासून जायचा आणि शेवटी मळ्यांत पसरायचा.

पाटाची एकच जागा अवघड होती. घाटाच्या जरा अलीकडे जमीन एकदम खाली उतरत होती. तिथे जुन्या लोकांनी मातीचा उंच भराव घातला होता आणि पाट त्या भरावाच्या डोक्यावरून नेला होता. भरावाखालच्या सखल जागेत कुंभारआळी होती. आळीतल्या अंगणात उभं राहून वर पाहिलं तर पाटात पोहणारी बदकं माणसाच्या डोक्याच्याही वर दिसायची.

पाटाची राखण करणाऱ्याला पाटकरी म्हणत. या वेळी पाटकरी होता म्हाळबा. वय पन्नाशीचं, बोलणं थोडं. त्याच्या पणजानं पहिल्यांदा ही राखण घेतली, मग आज्यानं, मग बापानं. दर आठ दिवसांनी बंधाऱ्यापासून मळ्यांपर्यंत पाट चालून पाहायचा, असा नेम होता. जाताना वरून चालायचं आणि येताना खालून, भरावाच्या पायथ्यानं. बाप त्याला सांगायचा, "म्हाळबा, वरून पाहिलं तर पाट नुसता देखणा दिसतो. त्याची तब्येत बघायची तर खाली उतरून बघ."

त्या वर्षी मात्र म्हाळबाचा गुडघा धरला होता. पायथ्याला बोराटीचं रान माजलं होतं, त्यातून वाकून चालायचं म्हटलं की कळ मस्तकात जायची. एका आठवड्यात त्यानं खालची फेरी टाळली. पुढच्या आठवड्यात पुन्हा टाळली. काहीच बिघडलं नाही, तेव्हा टाळायची सवय लागली. असे तीन महिने गेले. कसब्याचे कारभारी विचारायचे, "काय म्हाळबा, पाट कसा आहे?" आणि म्हाळबा म्हणायचा, "सगळं ठीक आहे, कारभारी."

त्याच वर्षी पाटाला शंभर वर्षं पुरी होत होती. कारभाऱ्यांनी मोठा सोहळा ठरवला. राजा स्वतः येणार होता. घाटावर मांडव पडायचा होता, पाटाचा इतिहास सांगायला कथेकरीबुवा यायचे होते, आणि भर दुपारी राजा सजवलेल्या होडीत बसून घाटापासून पेठेच्या टोकापर्यंत जाणार होता.

पण पाटात होडी चालण्याइतकं पाणी कधीच नसायचं. कारभाऱ्यांनी म्हाळबाला बोलावलं. "बंधाऱ्याच्या दाराच्या आणखी दोन फळ्या काढ. पाणी हातभर चढलं पाहिजे."

म्हाळबा घुटमळला. "एवढं पाणी आजवर कधी सोडलेलं नाही, कारभारी."

"का? भराव धड आहे ना? परवाच तर म्हणालास, सगळं ठीक आहे."

'मी तीन महिन्यांत खाली उतरून पाहिलेलं नाही,' हे म्हाळबानं ओठांआडच ठेवलं. त्यानं जाऊन दोन फळ्या काढल्या. दोन दिवसांत पाट काठोकाठ भरला. पेठेतले लोक पायऱ्यांवर उभे राहून कौतुकानं बघत होते.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी म्हाळबा नवा फेटा बांधून, खांद्यावर नवं उपरणं टाकून निघाला. त्याची बायको धुरपा म्हणाली, "अहो, पेठेतून जा. आळीच्या वाटेनं गेलात तर धोतर चिखलानं भरेल."

"चिखल? पाऊस थांबून दोन महिने झाले. चिखल कुठून येईल?"

"मला काय ठाऊक? काल कुंभारणी म्हणत होत्या, अंगणात पाय रुततो म्हणून."

म्हाळबा तडक आळीच्या वाटेला लागला.

आळीतल्या शेवटच्या घरामागे तो बोराटीत शिरला. काटे अंगरख्याला ओढत होते, गुडघा ठणकत होता. भरावाच्या पायथ्याशी पोहोचला तेव्हा त्याचा पाय घोट्यापर्यंत मऊ मातीत गेला. समोर घुशीचं एक बीळ होतं, मुठीएवढं. त्यातून करंगळीएवढी पाण्याची धार येत होती.

त्यानं ओंजळ धरली. झिरपणारं पाणी नितळ असेल तर भिण्याचं कारण नाही, हे त्याला बापानं शिकवलं होतं. पाणी गढूळ असेल तर समजायचं की भरावाची माती आतून वाहून चालली आहे, आणि मग हातात फार वेळ नसतो. ओंजळीतलं पाणी त्याला नितळ दिसलं. त्यानं सुस्कारा सोडला. पण ते जरा स्थिरावलं तशी तळाशी चिमूटभर माती बसली.

म्हाळबानं हात झटकला, जणू काही पाहिलंच नाही. मग इकडेतिकडे बघत त्यानं उपरण्याचा अर्धा तुकडा फाडला, त्यात माती कोंबून बोळा केला, बिळात ठासला आणि वर एक दगड लावला. धार थांबली. 'आजचा दिवस निघू दे,' तो मनाशी म्हणाला. 'उद्या पहाटेच दार बंद करून नीट बुजवतो. कुणाला कळायचंही नाही.'

हात धुऊन, उरलेलं उपरणं घडी करून काखेत दाबत तो घाटावर गेला.

मांडव माणसांनी फुलला होता. राजा उंच आसनावर बसला होता. वयानं तरुण, नजर शांत. त्याच्या उजव्या हाताला कारभारी होते आणि म्हाळबासाठी अगदी पुढे बसायची जागा राखली होती. लोक वाट देत होते, "या पाटकरी, या," म्हणत होते. म्हाळबा बसला, पण त्याचे कान मांडवात नव्हते.

कथेकरीबुवांनी सुरुवात केली. "ऐका मंडळी, शंभर वर्षांमागे इथे काय होतं? नुसती कुसळं होती. पाण्यासाठी बायका डोंगर चढून पलीकडे उतरायच्या आणि भरलेली घागर घेऊन पुन्हा चढायच्या. वाटेत पाय घसरून किती जणी गेल्या, त्याची गणती नाही. तेव्हा एका मेंढपाळाच्या मनात आलं की पाण्यालाच डोंगराला वळसा घालून आणलं तर?"

तो मेंढपाळ म्हणजे म्हाळबाचा पणजा. लोकांनी मान वळवून म्हाळबाकडे पाहिलं.

"त्याच्याकडे ना यंत्र होतं ना नकाशा. त्यानं घरातली परात घेतली, तिच्यात पाणी भरलं, आणि डोंगराच्या अंगानं पावला-पावलावर परात ठेवून पाहिलं, पाणी कुठल्या कडेला झुकतं. जिथे झुकलं तिथे राखेची खूण केली. अशी अर्धा कोस खूण झाली! मग सात वर्षं सगळी वस्ती खणत होती. खडक आडवा आला तर त्यावर लाकडं पेटवायची, दगड लाल झाला की गार पाणी ओतायचं. दगड तडकायचा. असा वितीवितीनं खडक फोडला. आणि मंडळी, पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी ते माणसाच्या चालीनं आलं. सगळी माणसं त्याच्या शेजारून चालत होती. म्हाताऱ्या बायका त्या पाण्याला 'ये बाई, ये' म्हणत होत्या."

मांडवात कुणी डोळे पुसले. त्याच वेळी बायकांच्या बाजूनं धुरपा वाट काढत आली आणि म्हाळबाच्या मागे वाकली.

"अहो, आळीत पाणी आलंय. सटवाजीच्या अंगणातून वाहतंय. बायका हसतायत, म्हणतायत, राजा आला म्हणून पाट घरी आला."

"रंग कसा आहे?" म्हाळबानं मागे न बघता विचारलं.

"कशाचा?"

"पाण्याचा!"

"मातीसारखा. लालसर."

म्हाळबानं उठून कारभाऱ्यांना आसनामागे बोलावलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. बीळ, बोळा, लाल पाणी. कारभाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. पण पुढच्याच क्षणी ते दातओठ खात म्हणाले, "दुपारपर्यंत काही बोलू नकोस. होडी निघून गेली की दार बंद कर, भराव बुजव, हवं ते कर."

"तोवर टिकेल असं वाटत नाही, कारभारी. दार आत्ता टाकलं तरी पाटातलं पाणी उतरायला घटकाभर जाईल."

"राजाची होडी चिखलात बसवू? शंभर वर्षांनी हा दिवस आलाय! आणि भराव कुणी पाहायचा होता? तू. सगळं ठीक आहे, असं कोण म्हणालं? तूच. बोलायचं असेल तर जरूर बोल. पण आधी स्वतःचं काय ते सांगावं लागेल, हे ध्यानात ठेव."

म्हाळबा परत येऊन बसला. घामानं त्याचा फेटा ओला झाला होता. बुवांचा आवाज आता चढला होता. "आणि मंडळी, पुढे शंभर वर्षं झाली. महापूर आले, वादळं आली. पण या घराण्याच्या चार पिढ्यांनी पाट असा राखला, असा राखला, की शंभर वर्षांत एकदाही, एकदाही पाट फुटला नाही! पाटकऱ्याच्या घरात चूक हा शब्दच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजानं हसून म्हाळबाला पुढे बोलावलं. सेवकानं तबक आणलं. तबकात चांदीचं कडं होतं.

म्हाळबा उभा राहिला. आसनापर्यंत दहा पावलं होती. पहिल्या पावलाला त्याला वाटलं, कडं घ्यावं, नमस्कार करावा आणि मागच्या मागे धावत जावं. दुसऱ्या पावलाला वाटलं, कदाचित टिकेलही. पुढे त्याला वाटेत उभ्या असलेल्या कुंभारणी दिसल्या. राजा बघायला त्या आळीतून आल्या होत्या आणि त्यांच्या काखेला मुलं नव्हती. मुलं घरी झोपवून आल्या होत्या.

म्हाळबा तिथेच थांबला.

"महाराज," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की त्यालाच ऐकू आला नाही. मग तो ओरडला, "महाराज, भराव फुटतोय! आळीत लाल पाणी आलंय!"

कारभारी पुढे झाले. "महाराज, म्हातारपणानं याचं जरा..."

"मी म्हातारा नाही," म्हाळबा म्हणाला. "मी खोटा आहे. तीन महिने मी खाली उतरून भराव पाहिलेला नाही. 'सगळं ठीक आहे' असं न पाहताच सांगत आलो. आज सकाळी बीळ पाहिलं आणि बोळा कोंबून इथे येऊन बसलो. माझी चूक आहे, महाराज. काय शिक्षा द्यायची ती नंतर द्या, पण आधी आळी रिकामी करा!"

कुंभारणींनी किंकाळ्या फोडल्या आणि त्या आळीकडे पळत सुटल्या. राजा आसनावरून उठला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "बंधाऱ्याचं दार बंद करायला काय लागतं?"

"चार फळ्या, महाराज. दाराच्या डाव्या अंगाला ठेवल्यात. आधी जाड फळी खाली सोडायची, मग बाकीच्या."

राजाचा घोडेस्वार बंधाऱ्याकडे सुटला. बाकी सगळा मांडव आळीकडे धावला. सावकार, शिंपी, मळेकरी, राजाचे शिपाई, सगळेच. म्हाळबा लंगडत सगळ्यांच्या मागे पडला होता. तो पोहोचला तोवर अंगणात पोटरीइतकं पाणी झालं होतं. बिळाच्या जागी आता रांजण मावेल एवढं भगदाड होतं आणि भरावाची माती ढेकळा-ढेकळांनी आत कोसळत होती.

लोकांनी मुलं उचलली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, गाढवांची दावी कापली. कुणी चाक उचलायला वाकला की दुसरा त्याला ओढून नेत होता. सटवाजी कुंभार, आळीतला सगळ्यात धिप्पाड गडी, दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन वर चढला आणि पोरं खाली ठेवताच ओरडला, "आई! माझी आई कुठाय?"

त्याची आई म्हणजे ठकूआजी. पंचाऐंशीची, दोन्ही डोळ्यांनी अधू. ती शेवटच्या घरात, भगदाडाच्या अगदी समोर राहायची. सटवाजी उतारावर होता आणि मध्ये पाणी कंबरेला लागत होतं. म्हाळबा मात्र खालीच होता, त्या घरापासून वीस पावलांवर.

तो आत घुसला. म्हातारी बाजेवर पाय वर घेऊन शांत बसली होती.

"कोण रे?"

"म्हाळबा. आजी, गळ्याला घट्ट धर."

"पाट फुटला ना? ओरडण्यावरून कळलं मला."

त्यानं तिला पाठुंगळी घेतलं. दाराबाहेर आला तेव्हा पाण्यानं त्याचे पाय उचलले. गुडघ्यात सुरी खुपसावी तशी कळ आली. त्यानं भिंत धरली, भिंत हातात आली. मग कुडाचा खांब धरला. समोरून सटवाजीनं दोर फेकला, म्हाळबानं तो मनगटाला गुंडाळला आणि दहा जणांनी त्या दोघांना वर ओढून घेतलं.

ते उताराच्या माथ्यावर पोहोचतात न पोहोचतात तोच मागे एखादं गाडं उलटावं तसा आवाज झाला. भराव मधोमध फुटला. शंभर वर्षं डोक्यावरून वाहिलेला पाट एका दमात खाली आला. आठ घरं गेली, भट्ट्या गेल्या, सणासाठी भाजून ठेवलेली सगळी मडकी तरंगत, एकमेकांवर आपटत निघाली. माणसं उभी राहून बघत होती. आळीतल्या आयांनी मुलं मोजली आणि पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं.

तोवर वर दार बंद झालं होतं. हळूहळू पाणी ओसरलं. घाटावर राजाची होडी चिखलात कलंडून पडली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

म्हाळबा चिखलात बसला होता. सटवाजी त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. "तीन महिने!" तो म्हणाला. "तीन महिने तू वरून बघून जात होतास, आणि खाली आम्ही झोपत होतो!" तो हात उगारणार होता, पण मागून म्हातारीनं आवाज दिला.

"सटवाजी, थांब. मला म्हाळबाशी बोलायचंय."

ठकूआजीनं चाचपडत म्हाळबाचा खांदा धरला. "तुझा आजा असाच ओरडत आला होता रे. मी सहा-सात वर्षांची होते. तेव्हाही हा भराव फुटला होता."

"काय म्हणतेस, आजी?" म्हाळबा म्हणाला. जवळ उभे असलेले कथेकरीबुवाही पुढे सरकले. "शंभर वर्षांत पाट एकदाही फुटला नाही, असं तर..."

"फुटला होता. तुझ्या आज्यानं दोन वेळा फेरी चुकवली होती. पण फुटायच्या आधी तो दारोदार ओरडत फिरला, 'माझी चूक झाली, बाहेर पडा,' म्हणून. त्यामुळे माणसं वाचली. माझ्या बापानं त्याला दोन थोबाडीत दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत माती वाहायला गेला."

"मग हे कथेत का नाही?"

"आधी असायचं. पुढे पुढे लोकांनी गाळलं. चांगलं दिसत नाही म्हणे. मीही काही बोलले नाही." म्हातारीनं त्याच्याकडे तोंड वळवलं. "तुला ठाऊक असतं तर तू सकाळीच बोलला असतास का रे?"

म्हाळबा ढसाढसा रडायला लागला. सकाळपासून त्याला वाटत होतं, चार पिढ्यांत चुकणारा मी एकटाच.

राजानं हे सगळं ऐकलं. तो म्हणाला, "पाटकरी, तू वेळेवर बोललास म्हणून माणसं जगली, हे खरं. पण सकाळी बोलला असतास तर घरंही राहिली असती, हेही खरं. चांदीचं कडं मी परत नेतो. आळी पुन्हा उभी राहीपर्यंत तू तिथे राबशील. त्यानंतर पाटकरी कोण असावा, हे कुंभारआळी ठरवेल."

दुसऱ्या दिवसापासून म्हाळबा घमेली वाहू लागला. धुरपाही आली. तिसऱ्या दिवशी कारभारी आले. पागोटं नव्हतं, पायांत जोडे नव्हते. आळीच्या मधोमध उभे राहून ते म्हणाले, "म्हाळबानं मला महाराजांच्या आधीच सांगितलं होतं. मीच त्याला गप्प बसवलं. त्यानं महाराजांना माझं नाव सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला हे माहीत नाही. राजदरबारी मी तसं कळवलंय." एवढं बोलून त्यांनी एक घमेलं उचललं. कुणी त्यांना शाबासकी दिली नाही, पण माती भरून देणाऱ्यानं त्यांचंही घमेलं भरलं.

सटवाजी मात्र म्हाळबाशी बोलत नव्हता. बोललाच तर टोचून बोलायचा. "बघ हां, खालून बघ, वरून नको," असं चारचौघांत म्हणायचा. म्हाळबा मान खाली घालून काम करत राहायचा.

असे दोन महिने गेले. आठवं घर शाकारून झालं, भरावाचं खिंडार बुजलं. आता पाटाला पाणी सोडायचं होतं. सोडायच्या आदल्या दिवशी, सगळे भाकरी खायला बसले असताना सटवाजी उठून म्हाळबासमोर आला. त्याचा तो धिप्पाड देह कुठेतरी आक्रसल्यासारखा दिसत होता.

"पाणी सोडू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"चल, दाखवतो."

तो म्हाळबाला भरावाच्या दुसऱ्या टोकाला, पेठेच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. मागोमाग कामावरची सगळी माणसं गेली. तिथे बोराटीच्या फांद्या नीट रचून ठेवल्या होत्या. सटवाजीनं त्या बाजूला केल्या. भरावाच्या पोटात एक गुहाच होती. तिच्यात वासरू बसलं असतं.

"इथली माती चिकट आहे," सटवाजी खाली बघत म्हणाला. "मडकी तडकत नाहीत. दोन वर्षं मी इथूनच माती नेतोय. एकेक टोपलं करत एवढी झाली. तुझ्या फेरीत दिसू नये म्हणून फांद्या रचून ठेवायचो. रोज म्हणायचो, आज सांगू, उद्या सांगू. पाट फुटला त्या दिवशी तर मी हबकलोच. वाटलं, माझ्यामुळेच फुटला. मग कळलं, फुटला तुझ्या त्या बिळाकडून. तेव्हा मी... तेव्हा मला बरं वाटलं, म्हाळबा. म्हणून तुला एवढं बोलत राहिलो."

"मग आज का सांगतोयस?" म्हाळबानं विचारलं.

"दोन महिने तुला बघतोय. सगळ्यांसमोर चूक बोललास आणि तरी दुसऱ्या दिवशी उठून कामाला आलास. माणूस एवढं बोलूनही जिवंत राहतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

म्हाळबा त्या गुहेत वाकून शिरला. आत हात लावला तर वरची माती भुरभुर गळत होती. जेमतेम दोन वितींचा थर उरला होता आणि त्यावर पाट. उद्या पाणी सोडलं असतं तर भर बाजाराच्या दिवशी ते पेठेत शिरलं असतं. तो बाहेर आला. दोन महिने ऐकलेला एकेक टोमणा त्याच्या जिभेवर आला होता. त्यातला एकही त्यानं उच्चारला नाही.

"टिकाव आणा," तो म्हणाला. "आधी सगळं उकरून काढू, मग नवी माती थरा-थरानं चोपू. सटवाजी, अजून कुठे आहे का?"

"नाही. एवढंच."

"आणि तुमच्यापैकी कुणाला काही सांगायचंय?" म्हाळबानं वळून सगळ्यांना विचारलं. मग एका माळ्यानं हात वर केला. त्याच्या मागे आणखी एकानं.

त्या भरावाला पुन्हा महिनाभर लागला. काम संपल्यावर कुंभारआळी जमली आणि पाटकरी कोण, हा प्रश्न निघाला. बराच वेळ चर्चा झाली. ज्यांची भट्टी गेली होती, त्यांच्या मनातून राग पुरता गेला नव्हता आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. शेवटी सटवाजी उठला.

"पाट म्हाळबाकडेच राहू द्या," तो म्हणाला. "पण खालची फेरी त्यानं एकट्यानं करायची नाही. दर आठवड्याला आळीतला एकजण सोबत जाईल. या आठवड्यात मी जातो."

म्हाळबानं काठी उचलली. दोघं वाकून बोराटीत शिरले आणि भरावाच्या पायथ्यानं, मातीला हात लावत, सावकाश चालू लागले.

तात्पर्य ध्यानात ठेवायचं ते असं: झाकलेली चूक आतल्या आत वाढत जाते आणि तिचा फटका बसतो तो भलत्यांनाच. म्हणून चूक कळताक्षणी बोलावं. आणि दुसरा बोलेल तेव्हा त्याचं ऐकून घ्यावं, म्हणजे तिसऱ्यालाही बोलायचं धाडस होतं.